जबड्यातलं हाड

तिने सुई खाली ठेवली आणि सूक्ष्मदर्शकातून पुन्हा एकदा पाहिलं. हाड आणि जबडा यांच्यामध्ये केसाएवढी चकाकती रेघ होती. दगड असा चकाकत नाही, चिकटवलेला सांधा चकाकतो.

समोरचा चिलखती मासा चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा. डोक्यावर हाडांच्या जाड पाट्या, आणि जबड्यात बोटाच्या पेराएवढं हे हाड, थेट आपल्या जबड्यात असतं तसं. आपला जबडा या चिलखतवाल्यांकडून आला, असं प्रयोगशाळेतले तिचे सर जन्मभर सांगत होते ते याच हाडाच्या जोरावर. निवृत्तीआधीचा त्यांचा शेवटचा निबंध आज पाच वाजता छापायला जायचा होता.

बारा वर्षांपूर्वी, नवी असताना, दगड खरवडता खरवडता तिच्या हातून या आणि इतर माशांच्या तुकड्यांचा एक ट्रे सांडला होता. घाबरून तिने तुकडे जमतील तसे चिकटवले आणि चकार शब्द काढला नाही. वेडीच! हाड दुसऱ्याच माशाचं निघालं तर सगळंच मुसळ केरात.

चार वाजता सर आले तेव्हा तिने एका दमात सांगून टाकलं.

"सर, हे हाड मी चिकटवलंय. ट्रे सांडला होता. कुठल्या माशाचं, ते मलाही माहीत नाही."

सरांनी खुर्ची ओढली.

"हे आत्ता सांगतेस?"

"माझी नोकरी गेली तरी चालेल, सर. पण खोटं नको जायला."

तिने ब्रश ॲसिटोनमध्ये बुडवून रेघेवर फिरवला. तिचा गोंद त्याने मिनिटभरात विरघळायचा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हाड जागचं हललं नाही.

"सर, सुटत नाहीये! म्हणजे हाड मुळातलंच आहे!" तिचा जीव भांड्यात पडला. "पाठवून टाका आता, अजून वेळ आहे."

सर हसले नाहीत. त्यांनी उठून कोपऱ्यातली चहाची किटली लावली.

"ॲसिटोनने नाही सुटायचं ते," ते म्हणाले. "गरम पाणी लागेल."

"गरम पाण्याने सरस सुटतो, सर, तो जुना कातड्याचा गोंद. पण मी तर कधीच सरस..."

ती थांबली. तिच्याआधी या टेबलावर एकटे सरच काम करायचे.

पाणी उकळलं. सरांनी ते वाटीत ओतलं आणि वाटी तिच्यापुढे सरकवली.

"तूच काढ," ते म्हणाले. "तुझा हात हलका आहे."