बंद स्लो कुकरचं गाऱ्हाणं

मी स्लो कुकर बोलतोय. आवाज दबल्यासारखा येत असेल, तर इलाज नाही; मला टॉवेलात गुंडाळलंय. हात असते तर जोडून सांगितलं असतं, कृपा करून माझा प्लग लावू नका!

बाहेरून पत्रा, आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका लहान गावात, आर्डिस आणि ऑरव्हिल टॉलेफसन यांच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. माझ्यासारखे आणखी दोन आले होते, ते दुकानात परत गेले. माझ्यावरची नारिंगी फुलं आर्डिसला आवडली, म्हणून मी राहिलो.

माझं काम सावकाशीचं. सकाळी मांस-बटाटे घाला, संध्याकाळी जेवा. चर्चच्या तळघरात सहभोजन असलं की आम्ही सगळे भाऊबंद रांगेत उभे, झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. तिथल्या बायकांना एकच खोड. भरलेला कुकर बंद दिसला की त्यांच्या जिवाला चैन पडत नाही. लगेच प्लग शोधायला धावतात.

आर्डिसने मात्र मला बंद राहायला शिकवलं. ती माझ्यात दही लावायची. दूध तापवायचं, मला बंद करायचं, दूध कोमट झालं की विरजण कालवायचं आणि जाड टॉवेल गुंडाळून म्हणायचं, "आता गप पड." उरलेल्या उबेवर दही लागायचं. त्यातलंच थोडं पुढच्या विरजणाला. वर्षानुवर्षं एकातून दुसरं असं चाललं होतं.

यंदाच्या हिवाळ्यात आर्डिस गेली. तिच्या हातच्या दह्याची एक छोटी बरणी फ्रिजमध्ये उरली. ऑरव्हिल रोज फ्रिज उघडायचा, बरणीकडे बघायचा आणि फ्रिज बंद करायचा. मी नुसता चरफडायचो. अरे बाबा, दही ठेवून टिकत नाही, लावून टिकतं!

शेवटी आज सकाळी त्याने धीर केला. निम्मं दूध टेबलावर सांडलं, दर थोड्या वेळाने बोट बुडवून पाहिलं आणि मग बरणीतलं विरजण ओतलं. सगळंच्या सगळं! आर्डिसने चमचाभर तरी मागे ठेवलं असतं. "आता गप पड," तो मला म्हणाला. मग तो बर्फ उपसायला बाहेर गेला.

तेवढ्यात मागच्या दाराने शेजारची लव्हॉन आली. घरात दुःखाचा प्रसंग आला की इथे शेजारणी हॉटडिश आणतात. ट्रेमध्ये भाजलेला तो मांस-बटाट्यांचा पदार्थ तिच्याही हातात होता.

"अगं बाई! प्लग लावायचाच विसरला बिचारा!"

टॉवेल काढून तिने नीट घडी घातली, प्लग लावला आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. वीज आली की तापायचं, एवढंच मला येतं. विरजणाला ऊब हवी होती आणि मी ते शिजवत होतो. आर्डिसचं विरजण, माझ्याच पोटात! उभ्या जन्मात मला इतका संताप आला नव्हता. बाई तिकडे दिवाणखाना झाडत होत्या. आणि हा ऑरव्हिल? स्वतःचं अंगण झाल्यावर तिच्या अंगणातला बर्फ उपसत होता.

तो आत आला, तेव्हा माझं झाकण खडखडत होतं. आत हिरवट पाणी आणि रबरासारखे गोळे. त्याने प्लग काढून झाकण उचललं.

"थोडं वेगळं झालंय," तो म्हणाला. "थँक यू, लव्हॉन."

थँक यू! मला तडा जायचाच बाकी होता. या गावात वाटोळं झालं तरी 'वेगळं' म्हणतात. अरे, बोल की!

लव्हॉनने बाह्या सरसावल्या आणि भांडी घासायला घेतली. आर्डिसची रिकामी बरणी तिथेच होती, कडेला दही माखलेली. तिने ती उचलली.

"ही पण विसळून टाकते."

"नको."

"अरे, कितीसा वेळ लागतो..."

"लव्हॉन, हात लावू नकोस!"

एवढ्या वर्षांत ऑरव्हिलचा आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला. लव्हॉनने बरणी खाली ठेवली.

"आर्डिसचं तेवढंच उरलंय," तो म्हणाला. "कुकरमधलं तू शिजवलंस."

साबणाच्या हातांनीच ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. "मग मघाशीच का नाही बोललास, ठोंब्या?"

"तू हॉटडिश आणली होतीस ना."

मग त्याने त्याच बरणीत कोमट दूध ओतलं आणि कडेचं दही खरवडून त्यात कालवलं. मला धुऊन पुसून टेबलावर ठेवलं आणि कोमट पाणी घालून बरणी माझ्यात बसवली. टॉवेल लव्हॉननेच गुंडाळला. प्लग आपल्या मुठीत धरून ती शेजारी बसली आहे.

"बघू का?"

"नको."

"एकच डोळा!"

"नको म्हटलं ना."

दुपारभर कुणी टेबलाला धक्का दिला की बरणीतलं दूध डुचमळायचं. आत्ता ऑरव्हिलने कॉफीचा कप जरा जोरात ठेवला आणि आत काही हललं नाही.

हे फक्त मला कळलंय. सांगायला तोंड नाही. आणि लव्हॉनचा हात पुन्हा झाकणाकडे येतोय. बाई, लागतंय ते, आर्डिसचंच लागतंय. आता तरी हात आवर!