स्टिकर न मिळालेली गाडी

शनिवारी संध्याकाळी पथुम थानी शहराजवळच्या, सरळ रेषेत गाड्या पळवायच्या ड्रॅग रेसिंगच्या पट्टीवर पोचेपर्यंत पियानुचने दिवसभरात काही खाल्लं नव्हतं. आज ती पहिल्यांदा शर्यतीत धावणार होती.

आपल्या गावी, लोपबुरीत, ती रोज पहाटे दुकानोदुकानी बर्फ पोचवायची. त्या कामातून सुटलेली जुनी डिझेल पिकअप तिच्या नवऱ्याने, वीराने, आठ महिने खपून शर्यतीसाठी उभी केली होती. वीराचं नांगर आणि ट्रेलर जोडायचं वेल्डिंगचं दुकान. गाडी त्याने बांधायची आणि चालवायची हिने, हे पहिल्यापासून ठरलेलं. पियानुचचा हात हलका आणि नजर तेज.

धावण्याआधी प्रत्येक गाडीची तपासणी व्हायची. ते काम बुनलेत नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं. ते चाकांच्या फळीवर आडवे होऊन टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी कंबर धरत उठले आणि म्हणाले, धावायच्या परवानगीचं स्टिकर मिळणार नाही.

"स्टिअरिंगच्या दांड्याला सांधा कुणी मारलाय?"

"मी," वीरा म्हणाला. "वीस वर्षं नांगर जोडतोय, काका. आजवर एक सांधा उखडला नाही."

"नांगर दोनशेच्या वेगाने पळत नाही, बाबा."

रांगेत हशा पिकला आणि वीराचं डोकं फिरलं. इथे सगळेच वेल्डिंग करतात, मग आम्हीच कसे सापडलो, असं तो बोलू लागला. पाकीट हवं असेल तर सरळ सांगा, इथपर्यंत त्याची मजल गेली. पियानुचला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुनलेत चिडले नाहीत. त्यांनी जॅक मागवून पुढची चाकं उचलून घेतली. वीराला सांध्यावर हात ठेवायला लावला आणि पियानुचला आत बसून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. तिने एकदा फिरवलं, काही झालं नाही. दुसऱ्यांदा फिरवताना खाली कट्ट असा आवाज झाला. मग स्टिअरिंग तिच्या हातात हलकं, भलतंच हलकं झालं. स्टिअरिंग फिरत होतं आणि चाकं जागची हलत नव्हती.

पट्टीच्या कडेला काँक्रीटची भिंत होती. पियानुचने तिच्याकडे एकदाच पाहिलं.

ती खाली उतरली. हात जोडून बुनलेतांपुढे वाकली.

"राहू दे, पोरी. आधी जाऊन काहीतरी खा. तोंड बघ केवढंसं झालंय."

तिने खरंच खाल्लं. डुकराचं मांस टोचून भाजलेल्या चार काड्या आणि दोन पुड्या चिकट भात. इतकी भूक लागली असेल याचा तिलाच पत्ता नव्हता. उरलेलं घेऊन ती वीराकडे आली. तो गाडीच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला होता.

"तुला मी कशात बसवणार होतो, नुच," तो म्हणाला.

"बसले नाही ना? मग खा."

खाऊन झाल्यावर तो उठला आणि बुनलेतांकडे गेला. पाकिटाचं बोललो त्याबद्दल माफ करा, म्हणाला. म्हाताऱ्याने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि टॉर्च त्याच्या हातात दिला.

"माझी कंबर गेलीय. तू सरक खाली. कच्चा सांधा तुझ्याइतका कोण ओळखणार?"

मग तपासणी संपेपर्यंत वीरा लोकांच्या गाड्यांखाली होता. एका गुलाबी पिकअपखालून त्याने एक ढिला बोल्ट शोधून काढला आणि तिच्या मालकाने तिथल्या तिथे त्याला थंड सोडा पाजला. लोपबुरीच्या बाजूला जाणाऱ्या एका कलिंगडवाल्याने त्यांची गाडी आपल्या रिकाम्या ट्रकवर चढवून घेतली. पैशाचं विचारलं तर म्हणाला, ट्रक जातोच आहे, त्याला कसले पैसे.

पियानुच वर प्रेक्षकांत जाऊन बसली. काळा धूर सोडत गाड्या जोडीजोडीने सुटत होत्या. एखादी गाडी सरळ शेवटपर्यंत जाऊन धडपणे थांबली, की ती टाळ्या वाजवायची. जिंकलेलीसाठीही आणि हरलेलीसाठीही. शेजारच्या बाईने दोन-तीनदा तिच्याकडे वळून पाहिलं. पियानुच टाळ्या वाजवतच राहिली.