आईचं चित्र

विद्यापीठाच्या संग्रहालयात धाकटीच्या छापचित्रांचं प्रदर्शन उघडलं, तेव्हा ताई मागच्या भिंतीला टेकून उभी होती. समोरच्या बावीसही चित्रांच्या लाकडी फळ्या तिने कोरल्या होत्या. धाकटी रेखाटायची, ताई कोरायची, धाकटी छापायची. अकरा वर्षं हेच चाललं होतं. सही मात्र एकीचीच. ताईने कधी ब्र काढला नव्हता.

"कोरताना यांच्या हातात केवढा संयम!" संचालिका भाषणात म्हणाल्या. धाकटीने लाजून मान खाली घातली. टाळ्या पडल्या. ताईनेही वाजवल्या.

मग दोघींच्या आईच्या चेहऱ्याच्या चित्रासमोर एका विद्यार्थिनीने धाकटीला गाठलं. "मॅडम, भोवतीचं लाकूड कोरून काढताना केसांची एवढी बारीक उठावाची रेघ तुटली कशी नाही? सुरी सरळ धरता की तिरकी?"

"अं... सरळच."

ताईला राहवलं नाही. "सरळ धरलीस तर रेघ मोडेल, बाळ. बाहेरच्या अंगाला तिरकी धरायची, म्हणजे रेघेचं बूड रुंद राहतं."

सगळे वळून बघायला लागले. धाकटी हसली. "ही माझी ताई. मला चहा आणून देता देता बघून बघून शिकलीय!"

हशा पिकला. "घरच्यांचा आधार हवाच," संचालिका म्हणाल्या. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण चारचौघांत तमाशा नको म्हणून ती बाहेर गाडीकडे निघाली.

गाडीत बसल्यावर धाकटी म्हणाली, "पुढच्या प्रदर्शनाला नऊ फळ्या लागतील गं."

"मी नाही कोरणार."

"एवढ्याशा थट्टेवरून? अगं, सगळं आपल्या दोघींचंच आहे ना?"

"मग भिंतीवर तसं लिहायचं होतंस."

"लोक काय म्हणाले असते?"

"खरं तेच म्हणाले असते."

धाकटीने रेडिओ लावला.

पुढे तिने कोरायला दुसरी बाई ठेवली. दोघींचं बोलणं तुटल्यातच जमा होतं. चार महिन्यांनी ताईने मन घट्ट करून फोन केला. "आईच्या चित्राची एक प्रत मला दे."

"सगळ्या विकल्या गेल्या गं."

"मग फळी तरी दे. मी छापून घेईन."

"ती संग्रहालयाने ठेवून घेतली. माझ्या हातचं मूळ काम म्हणून."

ताईने फोन ठेवला.