मातीच्या दिवसाची प्रत

कासामाच्या दवाखान्यातला जन्मनोंदीचा जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालेना, म्हणून जुना संगणकच आख्खा एका फाईलमध्ये उतरवून नव्याच्या पोटात चालवला होता. एके दुपारी वीज गेली आणि ती फाईल बिघडली. बावीस वर्षं नोंदी करणाऱ्या मुसोंडाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

दर शुक्रवारी बाई त्या फाईलची प्रत काढून ठेवत. दुरुस्तीला आलेल्या कापेम्ब्वाने साऱ्या प्रती उघडून पाहिल्या. अकरा बिघडलेल्या, एकच धड.

"बामायो, ह्या तारखेला काय वेगळं केलंत?" आईला मारावी तशी हाक मारत त्याने विचारलं.

"त्या दिवशी आमच्या चिलुफ्या सुईणीची माती होती. आम्ही दोघी एकाच दिवशी कामाला लागलेल्या. सगळं बंद केलं, प्रत काढली नि गेले."

"आणि एरवी?"

"एरवी नोंदी चालू ठेवूनच काढते. बायांची रांग असते, तुझ्यासारखी सवड कुठे मला?"

"तिथेच घोळ झाला. लिहिणं चालू असताना काढलेली प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी निघते."

धड प्रतीतून नोंदी परत आल्या. नंतरच्या तीन आठवड्यांतल्या बाळांची कार्डं आयांकडे होतीच.

पुढच्या शुक्रवारी मुसोंडाबाई रांगेला म्हणाल्या, "बसा गं घटकाभर." मग प्रत काढण्याआधी त्यांनी नव्याच्या पोटातला जुना संगणक बंद केला.