बासरी म्हणवलेली बिजागरी

मित्रांनो, तुम्ही दार उघडता तेव्हा बिजागरीकडे कधी पाहता का? नाहीच पाहत. म्हणून आज मीच बोलायचे ठरवले. मी एक जुनी बिजागरी आहे. लोखंडाची नव्हे, हाडाची! आणि आज माझा आनंद माझ्या पोकळ पोटात मावेनासा झाला आहे.

रोमन काळात एका कारागिराने बैलाच्या पायाचे हाड उकळले, फिरवत फिरवत गोल घासले आणि त्यातून मला घडवले. एका लाकडी दांड्यावर आम्हा बहिणींची उतरंड रचली. आमच्या अंगावरच्या भोकांत खुंट्या बसवल्या: एकीच्या दारात ठोकल्या, दुसरीच्या चौकटीत. कपाट उघडले की आम्ही एकमेकींना घासत गरकन फिरायचो. त्या घरातली धाकटी लेक सुक्या अंजिरांसाठी सारखी कपाटाशी यायची. तिच्यामुळे आम्हाला कधी बसून राहावे लागले नाही.

मग घराला आग लागली. लाकूड जळाले, आम्ही ढिगाऱ्यात गाडल्या गेलो. शतकांमागून शतके गेली. शेवटी एका तरुण संशोधकाने मला मातीतून उचलले, अंगावरची दोन भोके पाहिली आणि तो ओरडला, "बासरी!"

झाले! माझे नशीबच फिरले. मला मखमल मिळाली, काचेची पेटी मिळाली. लोक माझ्यासमोर डोळे मिटून न ऐकलेले सूर आठवू लागले. माझ्या मोडक्या बहिणी मात्र 'किरकोळ हाडे' म्हणून तळघरात गेल्या. मी सांगणार तरी कशी? बासरीला निदान फुंकणारा असतो. मला ना सूर होता, ना तोंड.

आणि एके दिवशी खुडबुडी आली. सगळ्या वस्तू उलटून पालटून पाहायची तिला खोड, म्हणून संग्रहालयात तिचे हेच नाव पडले होते. रोमन घरातले संगीत, हा तिच्या डॉक्टरेटचा विषय. त्यातले एक अख्खे प्रकरण माझ्यावर होते. मला बासरी म्हणणारा तो तरुण आता तिचा मार्गदर्शक होता. केस पिकलेले, दरारा असलेले सर.

तिने माझ्या मापाची नक्कल घडवली आणि फुंकली. फुस्स! पुन्हा फुंकली. फुस्स! ती आत्याकडे राहायची. आत्या काय म्हणाली ते तिने दुसऱ्या दिवशी मलाच सांगितले.

"आत्या म्हणते, अगं, यापेक्षा आमची किटली सुरात गाते!"

ती हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. भिंगाखाली तिने माझी टोके न्याहाळली. ती घासून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. पोटात जळक्या लाकडाची भुकटी चिकटलेली होती. ती धावतच तळघरात गेली आणि एक खोके घेऊन आली.

मित्रांनो, खोके उघडले आणि आत माझ्या बहिणी! तिने आम्हाला एकीवर एक ठेवले. टोकाला टोक चपखल बसले. मधून पेन्सिल घातली, हळूच फिरवले.

"फिरतंय!" ती किंचाळली. "अगं बाई, हे तर फिरतंय!"

दुसऱ्याच क्षणी ती मटकन खाली बसली. प्रबंध द्यायला महिनाच उरला होता. आता सरांना कोणत्या तोंडाने सांगणार?

सर आले. तिने चाचरत सगळे सांगितले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"वाजत नाही म्हणून बासरी नाही, हा काही पुरावा झाला नाही," ते म्हणाले. "फुंकणाराच कच्चा असला तर?"

"म्हणून ही टोकं बघा, सर. आणि आतली ही भुकटी. आणि आता... तुम्ही स्वतः फिरवून बघा."

सरांनी आम्हाला फिरवले. एकदा. मग दुसऱ्यांदा, उलट दिशेने. मग ते फिरवतच राहिले.

"ह्या बासरीवर माझं नाव झालं," ते हळूच म्हणाले. खुडबुडीने मान खाली घातली. "आणि एवढी वर्षं मी तिचं दार बंद करून बसलो होतो! अगं, रडतेस काय? संगीताचं प्रकरण गेलं, तर दाराचं प्रकरण लिही! मुदत मी वाढवून घेतो. आणि चूक माझी होती, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिही. भिडेखातर पुसट करू नकोस."

"सर, पण लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारा चुकला आणि पोरगी बरोबर निघाली. चहा पाज आता!"

आज पेटीत आम्ही सगळ्या बहिणी एकत्र आहोत. जुनी पाटी सरांनी स्वतःच्या हाताने उतरवली. बासरी गेली म्हणून गर्दी थोडी घटली आहे, खोटे कशाला बोलू? पण शेजारी खुडबुडीने आमच्यासारख्याच नकली बिजागऱ्यांचे एक छोटे कपाट ठेवले आहे. मुले ते उघडतात, मिटतात आणि पुन्हा उघडतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांचे मोडके तुकडेही किरकोळ म्हणून टाकू नका. आणि पाटीवर जे लिहिले असेल ते वाचून झाल्यावर, वस्तूकडेही एकदा नीट पाहा. कोण जाणे, तिच्या बहिणी कुठल्या तरी खोक्यात तुमची वाट पाहत असतील!