पोटच्या पोरीला ऑफसाइड

मुरलीधर सोहनीने चोवीस वर्षांत कुणाचीही चूक पोटात घातली नव्हती, आणि याचाच त्याला पगार मिळत होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, नोंदवायच्या, आणि लिहिणाऱ्याचा चेहरा पडला तरी आपला सरळ ठेवायचा, हे त्याचं काम. पुण्यात शिकला, लंडनमध्ये मुरला. ईलिंगच्या घरातही तो डिशवॉशर उघडून कुठली वाटी उलटी लागली आहे ते सांगायचा. त्याची बायको वरदा एकदा म्हणाली होती, "मुरली, मी तुझी बायको आहे, ट्रायल व्हर्जन नाही." त्याने तेही ऐकून घेतलं आणि वाटी सरळ केली.

तर अशा माणसाच्या हातात सप्टेंबरमधल्या एका बुधवारी दुपारी कुणीतरी झेंडा दिला.

देणारी होती मिस ओकाफोर, ग्रीव्हली सिक्स्थ फॉर्म कॉलेजची, म्हणजे तिकडच्या अकरावी-बारावीची, खेळांची शिक्षिका. मुरलीधरची सतरा वर्षांची मुलगी तनिषा कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळायची. संघ लीगच्या विभाग तीन (ब) मध्ये होता. विभाग चार नव्हता. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, थर्मास घेऊन मुरलीधर पहिला सामना बघायला आला, आणि नुसता उभा दिसला म्हणून लाइन्समन झाला.

लीगकडे माणसं कमी. पंच एक. बाजूच्या रेषेवर झेंडा धरायला प्रत्येक संघाने आपलाच माणूस द्यायचा, आणि त्याने आपल्याच संघाच्या चढाईवर नजर ठेवायची, असा नियम. आपल्या खेळाडूकडे चेंडू मारला त्या क्षणी ती समोरच्यांच्या शेवटच्या बचावपटूच्या पलीकडे आधीच जाऊन उभी असेल तर ऑफसाइड, झेंडा वर. हा नियम करणाऱ्याचा माणसावर गाढ विश्वास असावा, नाहीतर त्याने फुटबॉल पाहिलेला नसावा. बाकीच्या संघांचे झेंडेवाले समजूतदार होते. झेंडा काखेत, चहा हातात, डोळे ढगांकडे.

मुरलीधरने नियमांचा कागद दोन्ही बाजूंनी वाचला.

बाराव्या मिनिटाला तनिषाने कॉलेजसाठी पहिला गोल केला. हात पसरून ती मैत्रिणींकडे धावली, वळली, आणि तिला रेषेवर आपला बाप दिसला. दिव्याच्या खांबासारखा ताठ, झेंडा सरळ आभाळात.

सामन्यानंतर त्याने सवयीने फोनवर नोंद केली:

*दोष क्र. १*
*अपेक्षित: खेळाडू क्र. ९ शेवटच्या बचावपटूच्या अलीकडे.*
*प्रत्यक्ष: खेळाडू क्र. ९ अर्धा यार्ड पलीकडे.*
*तीव्रता: जास्त.*

खेळाडू क्र. ९ गाडीत मागच्या सीटवर बसली, कानात इअरफोन घातले, आणि त्या दिवसापासून बापाशी बोलायची बंद झाली. आदळआपट नाही, दारं आपटणं नाही. नुसती बंद.

"आई, त्याला सांग सॉल्ट पास कर."

मीठ त्याच्यापुढेच होतं. त्याने सरकवलं.

"आई, त्याला थँक्स सांग."

"अगं, समोर बसलाय तो. मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?" वरदा म्हणाली.

मुरलीधरला वाटलं, आठवड्याभरात निवळेल. पुढच्या बुधवारी तिने पुन्हा गोल केला. पुन्हा ऑफसाइड. या वेळी फूटभरच. आता सांगा, फूटभर म्हणजे ऑफसाइड नाही का? ऑक्टोबर संपेपर्यंत झेंडा नऊ वेळा वर गेला होता, त्यात तनिषावर पाचदा. प्रत्येक वेळी गोल व्हावा असं त्याला मनापासून वाटायचं आणि हात वर जायचा. दोन्हीचा एकमेकांशी संबंध नसल्यासारखा.

मिस ओकाफोर त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "मिस्टर सोहनी, तुम्ही आपल्या बाजूचे आहात, हे लक्षात आहे ना?"

"हो तर," मुरलीधर म्हणाला. "म्हणून तर मी जास्त काळजी घेतो."

*दोष क्र. ६*
*अपेक्षित: मुलगी काहीतरी बोलेल.*
*प्रत्यक्ष: —*
*तीव्रता: अतिशय जास्त.*

आणि मग गाडं फिरलं. ते फिरवलं पंचांनी.

नोव्हेंबरमध्ये ग्रीव्हलीची एक मुलगी गोलपुढे पडली. ढकलली गेली की आपणहून लोळली, ते तिलाच ठाऊक. पंच गोंधळला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला रेषेवर तो माणूस दिसला, ज्याने गेल्या अर्ध्या तासात स्वतःच्या मुलीला ऑफसाइड दिलं होतं. ज्या संघात असे बाप आहेत त्या संघातल्या मुली खोटं पडणार नाहीत, असा विचार करून त्याने पेनल्टी दिली.

पंचांचाही व्हॉट्सॲप ग्रुप असतो. नाताळपर्यंत 'ग्रीव्हलीचा सोहनी' तिथे माहीत झाला होता. जानेवारीपासून कुठलाही संशयास्पद कॉर्नर, कुठलाही धक्का, चेंडूला लागलेला कुठलाही हात ग्रीव्हलीच्या पदरात पडू लागला. इकडे मुलीही झेंड्याच्या धाकाने धावण्याची वेळ अचूक साधायला शिकल्या. त्यात एका संघाची गोलकीपर ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली आणि फुटबॉल सोडून गेली, म्हणून तो संघच लीगमधून बाहेर पडला. ग्रीव्हली ओळीने पाच सामने जिंकलं.

मिस ओकाफोर हुशार बाई. फेब्रुवारीत तिने मुरलीधरला संघाचं जॅकेट दिलं.

*दोष क्र. ११*
*अपेक्षित: प्रामाणिकपणाने आपलं नुकसान होतं.*
*प्रत्यक्ष: तीन पेनल्टी मिळाल्या. त्यातल्या दोन पेनल्टी नव्हत्या.*
*तीव्रता: ठरवता येत नाही.*

तनिषा अजून बोलत नव्हती.

शेवटचा सामना एप्रिलमध्ये, स्टॅनमोरच्या एका मैदानावर. बरोबरी झाली तर विजेते ते, जिंकलो तर आपण. पंच नवा होता, पंचविशीचा, छातीवर बिल्ला, मोजे एका उंचीचे. त्याने दोन्ही झेंडेवाल्यांना बोलावलं.

"ऑफसाइड माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त चेंडू बाहेर गेला की सांगा."

"पण नियमावलीत कलम सहामध्ये—" मुरलीधर म्हणाला.

"चेंडू, सर. फक्त चेंडू."

समोरच्या संघाच्या माणसाने आनंदाने चहाचा कप उचलला. मुरलीधरच्या मात्र जिव्हारी लागलं. चोवीस वर्षं टेस्टिंग केलेल्या माणसाला कुणी सांगावं, तुम्ही फक्त स्पेलिंग बघा, तसं. तो रेषेवर जाऊन उभा राहिला तो उभाच. धावायचं कशाला?

शहाऐंशीवं मिनिट. एक-एक. मागून लांब चेंडू आला, तनिषा सुटली, आणि मुरलीधरला स्वच्छ दिसलं: ऑफसाइड. एक यार्ड, थोडं जास्तच. त्याच्या हाताने कलम सहा ऐकलं, बिल्ला ऐकला नाही. झेंडा वर गेला. पंच बघेना. मुरलीधरने टाचा उचलल्या, तोंड उघडलं, आयुष्यात मारली नव्हती अशी आरोळी मारली. पंच बघेना. चेंडू जाळ्यात.

चार मिनिटांनी शिट्टी वाजली. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्या ढिगातून तनिषा बाहेर आली, सरळ रेषेकडे धावत आली आणि चिखलासकट त्याच्या गळ्यात पडली.

"बाबा. फायनली," ती म्हणाली. "फायनली तू चिअर केलंस. मी बघितलं. तू जंप पण केलंस."

सात महिन्यांनी. थेट त्याच्याशी. मधे आई नाही.

मुरलीधरने झेंडा गुंडाळून काखेत घातला. त्या दिवशी फोनवर नोंद झाली नाही.

*कॉलेजच्या वेबसाइटवरून:*
*ग्रीव्हली विजेते! विजयी गोलच्या क्षणी भान हरपून झेंडा फडकवणारे आपले लाडके पालक-स्वयंसेवक मि. मुरलीधर सोहनी. ग्रीव्हली, जिथे घरचेही संघात असतात. प्रवेशासाठी ओपन डेला जरूर या.*

फोटो खरोखर सुरेख आला होता. टाचा वर, झेंडा वर, तोंड उघडं. फोटोला आवाज नसतो. कॉलेजने तो मोठा करून फाटकावर टांगला. येणारेजाणारे त्याच्याकडे बघून अंगठा उंचावायचे.

आणि घरात तनिषा बोलत होती. सात महिन्यांचं साठलेलं. मिस ओकाफोरची नक्कल. युनिव्हर्सिटी ब्रिस्टलची घेऊ का? आमटी आईपेक्षा तूच बरी करतोस, तिला सांगू नको. मुरलीधर रोज ठरवायचा, आज सांगायचं. चहा घेऊन तिच्यापुढे बसायचा. ती फोन त्याच्या नाकाशी धरून काहीतरी दाखवायची, तो हसायचा, चहा संपायचा. असे तीन आठवडे गेले. चूक दिसत असूनही न नोंदवण्यात इतकं सुख असतं हे त्याला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

*व्हॉट्सॲप, थेम्सकाठ मराठी मंडळ:*
*सस्नेह निमंत्रण. मराठी कन्येच्या इंग्लंडविजयाबद्दल कु. तनिषा व तिचे पिताश्री यांचा जाहीर सत्कार. रविवार, दुपारी १२. नंतर मिसळ. पार्किंग मर्यादित. मागच्या वेळचे डबे कृपया परत आणावेत.*

चर्चचा हॉल होता. साठ माणसं आली, त्यातली वीस सत्काराला. मंडळाचे अध्यक्ष शशी मराठे, सगळ्यांचे शशीकाका, एका कार्यक्रमात एकच सत्कार करणं त्यांना उधळपट्टी वाटायची. त्यामुळे दोघांचं नागरिकत्व, एकाची निवृत्ती आणि अनुराधाताईंचा नवा गुडघा हेही त्याच दुपारी गौरवले गेले. मग शशीकाकांनी फुटबॉलला हात घातला. विभाग तीन (ब) हे शब्द त्यांनी गाळले. "इंग्लंडने ज्यांना हा खेळ शिकवला," ते म्हणाले, "त्यांच्या लेकीने तो इंग्लंडला शिकवला." मागे पडद्यावर झेंड्याचा फोटो, छतापर्यंत.

तनिषा बोलायला उठली. अंगावर संघाची जर्सी, वर शाल.

"माझा बाबा खूप स्ट्रिक्ट आहे," ती म्हणाली. "त्याने मला सहा टाइम ऑफसाइड दिली. मी त्याच्याशी बोलतच नव्हते. पण लास्ट मॅचला त्याने फ्लॅग वर केली ना, ती माझ्यासाठी होती. फक्त माझ्यासाठी. थँक यू, बाबा."

अनुराधाताईंनी डोळे पुसले. शशीकाकांनी माइक मुरलीधरच्या हातात दिला.

त्याने पडद्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. दोन शब्द बोलून आभार मानायचे होते, एवढंच.

"तो झेंडा ऑफसाइडचा होता," मुरलीधर म्हणाला.

हॉल हसला.

"नाही, खरंच. गोल ऑफसाइड होता. मी ओरडत होतो. पंचाने बघितलंच नाही."

हॉल आणखी हसला. मागच्या रांगेत कुणीतरी बाक बडवलं. "काय ड्राय ह्यूमर आहे हो तुमचा, सोहनी," शशीकाका म्हणाले. "आता खरे ब्रिटिश झालात." टाळ्यांत मिसळ जाहीर झाली आणि माणसं उठली.

दोघी हसल्या नव्हत्या. वरदा, आणि तनिषा. तनिषा शाल सावरत सरळ दारातून बाहेर गेली.

कार पार्कमध्ये ती गाडीला टेकून उभी होती. सत्काराचा नारळ तिच्या हातात तसाच. मुरलीधर समोर जाऊन थांबला, वरदा दोन पावलं मागे.

"खरं?" तनिषा म्हणाली.

"खरं."

"किती?"

"एक यार्ड. थोडं जास्तच."

"सप्टेंबरमध्ये तुला दोन सेकंद लागले होते सांगायला. आता थ्री वीक्स?"

"तू बोलायला लागली होतीस," मुरलीधर म्हणाला.

त्याला वाटलं, संपलं. आता ब्रिस्टलला जाईल आणि तिथूनही आईला फोन करून म्हणेल, त्याला सांग.

"तू कुठे होतास?" ती म्हणाली.

"कुठे म्हणजे?"

"बॉल मारला तेव्हा. शेवटच्या डिफेंडरच्या लेव्हलला होतास?"

"हाफवे लाइनजवळ," तो म्हणाला.

"का?"

"रागावलो होतो. पंचावर."

"म्हणजे वीस यार्ड मागे. आणि तिथून तुला एक यार्ड दिसला?" तिने नारळ बॉनेटवर ठेवला. "ही त्यांची डिफेंडर, तुझ्यापासून लांब. किल्ल्या दे." त्याने गाडीच्या किल्ल्या दिल्या. "ही मी. तुझ्या जवळच्या साइडला. आम्ही दोघी लेव्हल. तू इथे, वायपरपाशी. आता इथून बघ. जवळची पुढे दिसते की नाही? जिओमेट्री आहे, बाबा. तुम्हा टेस्टर लोकांना शिकवत नाहीत?"

मुरलीधर वाकला. एक डोळा मिटून वायपरपासून नारळापर्यंत पाहिलं. मग किल्ल्यांपर्यंत. पुन्हा नारळ.

"नक्की सांगता येणार नाही," तो म्हणाला.

"काय?"

"म्हटलं, नक्की सांगता येणार नाही."

"आई, ऐकलंस?"

"ऐकलं," वरदा म्हणाली. "मी मिसळ आणते. तुमचं काही लवकर संपत नाही."

हॉलमधून हातात बशी घेऊन शशीकाका बाहेर आले. "अरे, नारळ असा काय उघड्यावर?" म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"काका, टच नका करू," तनिषा म्हणाली. "ती लेव्हलला आहे."

मुरलीधरने किल्ल्या बोटभर पुढे सरकवल्या. तनिषाने परत मागे घेतल्या.