चौथा स्टॉल

आजच्या यादीत कॅप्टनकाकांचं नाव बघितलं तेव्हापासून परीक्षकबाई खुशीत होत्या. भली खुशी नव्हे हो. सतरा वर्षं पोटात मुरलेली.

कॅप्टनकाका म्हणजे विमान उडवायला शिकवणारे जुने मास्तर. वय बासष्ट, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. सिम्युलेटरवरची, म्हणजे पडद्यावरच्या खोट्या विमानातली, ही परीक्षा पास झाली तर परवाना परत, नाहीतर कायमचं जमिनीवर. या वयात दुसरी संधी कोण देतो? म्हातारा कडक इस्त्री करून आला, "नमस्कार मॅडम" म्हणाला आणि पट्टे आवळून बसला. बाईंना त्यानं ओळखलंच नाही. त्याचाही त्यांना राग आला.

सतरा वर्षांपूर्वी बाई त्याच्याकडे शिकत होत्या. विमानाचा वेग फारच कमी झाला की पंखांना हवा धरवत नाही आणि विमान खाली बसतं, त्याला म्हणतात स्टॉल. असा स्टॉल आला तेव्हा बाईंनी आधी नाक खाली दाबलं, मग इंजिनाचा जोर वाढवला. विमान सावरलं, पण दोनशे फूट उंची गेली. म्हाताऱ्याचा शिरस्ता उलटा होता: नाक वरच ठेवायचं, आधी जोर द्यायचा, उंची सोडायची नाही. "जा, घरी जाऊन शिडीवर चढायचा सराव कर," असं सगळ्या वर्गासमोर म्हणून त्यानं त्यांना काढून टाकलं. पुढे नियमच बदलले, आधी नाक दाबा असं शिकवायला लागले. बाई खऱ्या ठरल्या, पण तोवर वैमानिकांच्या भरतीचं वय निघून गेलं होतं.

"वेग कमी करा. उंची हलता कामा नये," बाई मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या.

पडद्यावरचं विमान नाक वर करून रांगायला लागलं. असं हळू उडवणं म्हणजे नाकी नऊ येतात, पण म्हाताऱ्याचे हात लोण्यासारखे चालत होते. उंचीचा काटा जागचा हलेना. बाईंचं तोंड कडू झालं.

पहिला स्टॉल. भोंगा वाजला, खुर्ची थरथरली. म्हाताऱ्याचा हात आधी इंजिनाच्या दांड्याकडे गेला, अर्ध्यावर थबकला आणि त्यानं नाक दाबलं. निभावलं. दुसरा बरा झाला. तिसरा तर असा की पुस्तकात छापावा.

"बघा, नाक दाबलं की विमानसुद्धा शहाण्यासारखं वागतं!" म्हातारा खुदकन हसला. "महिनाभर घरी खुर्चीवर बसून घोकलंय हो. बायको म्हणते, वेड लागलं तुम्हाला."

तीन स्टॉल झाले की परीक्षा आटोपायची, हा तिथला रिवाज. चौथा, न सांगता, परीक्षकाच्या मर्जीवर असतो. पण वडीलधाऱ्या माणसाला तो कुणी देत नाही. चहा सांगतात.

"छान. झालं तुमचं," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "आता उतरवा आणि चला."

म्हातारा सैलावला. धावपट्टी समोर दिसायला लागली. नातवाला पहिल्या फेरीला नेणार आहे, असं काहीतरी तो सांगत होता. बाईंनी ताकास तूर लागू न देता इशाऱ्याचा भोंगा बंद केला आणि विमानाला समोरून येणारा वारा बटणावरच्या एका बोटानं काढून घेतला.

वेग धाडकन पडला, खुर्ची थरथरली. आणि जित्याची खोड! म्हाताऱ्यानं जोर पुढे रेटला, नाक छातीशी ओढून धरलं. उंची सोडायची नाही! विमान डावीकडे कलंडलं, जमीन वर आली आणि पडदा लाल झाला.

बाईंनी तो लाल पडदा मुद्दाम मिनिटभर तसाच ठेवला. आता म्हातारा हातापाया पडेल, मग आपण कोण ते सांगायचं, असं त्यांनी किती वेळा मनात रंगवलं होतं.

"आधी जोर दिला मी," म्हातारा शेवटी म्हणाला. "माणसं असती तर मेली असती. नापास लिहा, मॅडम."

"मी तुमची विद्यार्थिनी," बाईंच्या तोंडून निसटलं. "आधी नाक दाबलं म्हणून तुम्ही मला काढलंत."

त्यानं वळून त्यांचा चेहरा निरखला. आठवेना. "पुष्कळांना काढलं गं मी. पण नाक दाबलं म्हणून काढलं असेल, तर चुकलंच माझं." पट्टे सोडवता सोडवता तो कौतुकानं हसला. "तू तर जन्मजात वैमानिक निघालीस की, पोरी! काय उडवतेस आता?"

बाईंनी फॉर्मवर 'नापास' लिहिलं, खाली सही केली आणि तो त्याच्या हातात दिला.